बंद घरांतील पिसवा आणि मांजरांना लावली जाणारी औषधे

महोदय,

गणेशोत्सवासाठी चाकरमानी गावी येऊन कित्येक महिने बंद असलेली घरे उघडतात, तेव्हा पहिल्याच दिवशी पायांना पिसवा चावू लागल्याची तक्रार आमच्या भागात दर वर्षी ऐकू येते आणि त्याचे खापर पडवीत राहणाऱ्या मांजरावर फुटते. मग कोणी त्या मुक्या जिवाला पोत्यात घालून लांब सोडून येते, तर कोणी शेतीसाठी आणलेले कीटकनाशक घरभर आणि प्राण्याच्या अंगावरही मारते. हे दोन्ही प्रकार थांबावेत, या कळकळीने हे पत्र लिहीत आहे.

पिसू रक्त पिते ती प्राण्याच्या अंगावर. तिची पुढची पिढी मात्र आपल्या घरात वाढते. मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते आणि ती केसांना चिकटून न राहता मांजर जिथे झोपते तिथे, म्हणजे गोणपाटावर, गोधडीत, सारवलेल्या जमिनीच्या भेगांत गळून पडतात. अळ्या उजेड टाळून तिथेच वाढतात आणि धुळीने माखलेला कोश विणतात. या कोशावर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. त्यातील पिसू काही महिने अन्नावाचून थांबू शकते आणि माणसांच्या पावलांनी जमीन हादरली, अंगाची ऊब व श्वास जाणवला की बाहेर पडते. बंद घर उघडताच पिसवा उसळतात त्या यामुळे. मांजर हाकलून दिले तरी कोश घरातच राहतात आणि भुकेल्या पिसवा घरच्या माणसांना चावतात.

औषधांविषयी अधिक काळजीने लिहावेसे वाटते. गेल्या वर्षी आम्हाला एका दुकानात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले, कुत्र्यासाठीचे औषध ‘मांजरालाही चालते’ असे सांगून दिले गेले. ते मानेवर लावल्यावर काही तासांत आमच्या मनीचे कान फडफडू लागले, मग पाय थरथरू लागले आणि रात्री तिला उभेही राहता येईना. पशुवैद्यांनी तिचे अंग सौम्य साबणाने धुऊन, झटके थांबवणारी इंजेक्शने देऊन तिला वाचवले. मांजराच्या यकृताला हे द्रव्य पुरेसे मोडता येत नाही, त्यामुळे कुत्र्याला सोसणारी मात्रा मांजराच्या जिवावर बेतू शकते, हे आम्हाला तेव्हा कळले.

पिसवांची शंका आल्यास उवांच्या बारीक फणीने केस विंचरून पडलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावी. तिच्याभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त असते. त्यानंतर पशुवैद्यांना विचारून, घरातील प्रत्येक कुत्र्या-मांजराला त्याच्या जातीनुसार व वजनानुसार औषध एकाच वेळी सुरू करावे आणि निदान तीन महिने चालू ठेवावे. अंथरुणे दर आठवड्याला कढत पाण्यात धुवावीत, खाटेखालची जागा, कोपरे व भेगा रोज झाडाव्यात आणि केर लगेच घराबाहेर न्यावा. फवारणी करायचीच असेल, तर अंडी व अळ्यांची वाढ रोखणारे घटक असलेले औषध निवडावे. एवढे करूनही जुन्या कोशांतून काही आठवडे नव्या पिसवा निघत राहतात. नेमक्या याच टप्प्यावर औषध निरुपयोगी ठरले असे समजून लोक धीर सोडतात आणि शेतीच्या फवाऱ्याकडे वळतात.

माझी विनंती आहे की, पशुवैद्यकीय दवाखान्यांनी गणपतीच्या आधी गावोगावी ही माहिती द्यावी, दुकानदारांनी पिसवांचे औषध देण्यापूर्वी ते कुत्र्यासाठी हवे की मांजरासाठी हे विचारावे आणि परमेथ्रिनयुक्त औषधांच्या वेष्टनावर ‘मांजरांना लावू नये’ हा इशारा ठळक मराठीत छापला जावा.

आपली नम्र,
एक वाचक, सिंधुदुर्ग