वायर बघा वायर

सांगली,
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

पव्या,

घरी सगळे बरे. आजीचा गुडघा आहे तसाच, मला सर्दी होती, गेली. आता मुद्द्याचं ऐक.

चिन्यानं व्हिडिओ बाहेर काढला.

कुठला म्हणून विचारू नकोस. तोच. ताईचे इअरफोन.

फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या हॉस्टेलच्या फोनमागे रविवारी ही रांग, आणि रेक्टर शेजारी बसून पेपर वाचणार. त्यांच्यासमोर तू 'हं, हं, बरं' एवढंच बोलतोस आणि मला कळत नाही तू हसतोयस का चिडलायस. म्हणून पत्र. आईकडे पोस्टाचं पाकीट मागितलं तर तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तर झालं असं, की कॉलेजच्या कॅन्टीनला विषय निघाला कोण काय होतं लहानपणी. एकजण म्हणाला मी स्केटिंग करायचो, एकीनं तबल्याच्या दोन परीक्षा दिल्यात. आणि आपला चिन्या वडापाव खाता खाता थंडपणे म्हणतो, "सुम्या यूट्यूबर होता." मी टेबलाखालून लाथ घातली, ती दुसऱ्यालाच लागली. तोवर त्यानं 'पव्या सुम्या टेक मराठी' टाइप केलं होतं आणि चॅनल आलं लेका, पहिल्याच नंबरला. आपलं ते आगीतून अक्षरं उठणारं इंट्रो, मे महिन्यात जर्किन घालून बसलेला मी, आणि माझा तो आवाज. मला वाटत होतं माझा आवाज तेव्हा जरा पातळ होता. पातळ नव्हता रे, शिट्टी होती.

तुला व्हिडिओ आठवत नसेल तर सांगतो. (आठवतोय तुला. सांगतो तरी.) तुमचं स्वयंपाकघर, मागे सिलिंडर, कोपऱ्यात चिन्याचं बोट लेन्सवर. मी म्हणतो, "तर मंडळी, दीडशे रुपयांत काय मिळतं? वायर बघा, वायर." मग पाकिटाला एक मार्क कमी, कारण उघडायला कात्री लागते. बास म्हणजे 'डबडा वाजवल्यासारखा, पण मला आवडतो'. मग मजबुतीची चाचणी. एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. आतून काकूंचा आवाज, "किती शिट्ट्या झाल्या रे?" आणि वायर तटकन तुटते. तू आधी वायरकडे बघतोस, मग दाराकडे, ताई आहे का ते, आणि मग तुझा खालचा ओठ हळूहळू बाहेर येतो. तू भोकाड पसरलंयस आणि मी कॅमेऱ्याकडे बघून, "तर मंडळी, वायरला आम्ही देतोय पाचपैकी दोन."

दोन का दिले हे मलाही माहीत नाही. शून्य द्यायला हवे होते.

आता वर्गात कुणाचं काही बिघडलं, पेन चालेना, प्रॅक्टिकलला बल्ब लागेना, की मागच्या बाकावरून येतं, 'पाचपैकी दोन.' माझा स्टिकर झालाय. तुझाही झालाय, ओठ बाहेर आलेला. तो जास्त चालतो, परीक्षेचं टाइमटेबल पडलं तेव्हा ग्रुपवर ओळीनं तूच होतास. चिन्याला मात्र कुणी हसत नाही, कारण तो कुठे दिसतच नाही. २०२० मध्ये यानंच आपल्याशी भांडण काढलं होतं ना, की कॅमेरामन म्हणून माझं नाव का नाही टाकलं? तेव्हा तू म्हणालास, बोट दिसतंय की तुझं. आता म्हणतो, बरं झालं नाव नाही टाकलं.

तू म्हणशीलच म्हणून आधीच लिहितो: हो, टिकटॉकवर टाकू म्हणून हट्ट तुझा होता आणि मी यूट्यूबच म्हणत होतो. २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा मी जिन्यात नाचलो होतो, तेही आठवतंय. आणि टिकटॉकवर असता तर आज तो कुणाच्या बापाला सापडला नसता, हेही मला कळतं. पुढे.

मी काढून टाकायला गेलो. अकाउंट काकूंच्या नावावर, कारण आपलं वय बसत नव्हतं. पासवर्ड तुझा. १५ ऑगस्टला धोनीनं संध्याकाळी ७ वाजून २९ मिनिटांपासून मला निवृत्त समजा असं टाकलं, त्या रात्री तू रडून रडून पासवर्ड बदललास आणि मला सांगितला नाहीस, कारण मी रोहितवाला. मी ७ घालून बघितले, १९२९ घातलं, माही, थाला, सगळं करून झालं. शेवटी गुगल म्हणालं, आता थोड्या वेळानं प्रयत्न करा. मग म्हटलं मोबाईलवर कोड मागवू. तर नंबर काकूंचा जुना, तुम्ही रिचार्ज करायचं सोडलेला. नव्वद दिवस वापरला नाही तर कंपनी बंद करते आणि मग दुसऱ्याला देऊन टाकते.

दिलाय. मी फोन लावला.

आधी ती टेप आठवली, मध्यंतरी फोन लावला की वाजायची ती, अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नका. रिंग जाईपर्यंत माझी हिंमत अर्धी झाली. मग एका काकांनी उचलला. मी म्हटलं, "नमस्कार काका, तुमच्या मोबाईलवर आत्ता एक नंबर येईल, तेवढा सांगाल का?" पलीकडे शांतता. मग, "थांब, पोराला देतो." पोरगा आला आणि म्हणाला, "जामताऱ्याहून बोलतोयस काय रं?" मी म्हटलं, नाही, विश्रामबागहून. त्यानं ज्या शिव्या घातल्या, भावा, त्यातल्या दोन मी लिहून ठेवल्यात. सुट्टीत आलास की ऐकवतो.

मला आशा होती की गुगल आपणहूनच उडवेल. दोन वर्षं हात न लावलेली अकाउंट ते काढतात ना? पण ज्या अकाउंटवर यूट्यूबचे व्हिडिओ आहेत ती ठेवतात. म्हणजे लोकांचे मेल जातील, बारशाचे फोटो जातील, आपली वायर राहणार.

एकच नशीब, खाली कमेंटा बंद आहेत. अपलोड करताना विचारलं होतं, हा व्हिडिओ मुलांसाठी आहे का? तू म्हणालास, आपण मुलंच की, हो म्हण. मुलांसाठी म्हटलं की कमेंटा आपोआप बंद होतात, हे मला आत्ता कळलं. आणि आपण रोज काकूंचा मोबाईल मागून बघायचो, आली का कमेंट, आली का. ३१ सबस्क्रायबर होते, निम्मे नातेवाईक, आणि आपण हजार कधी होतील, चार हजार तास कधी भरतील, मग पैसे सुरू, त्यातून प्लेस्टेशन, हे सगळं वहीच्या मागच्या पानावर मांडलं होतं. आता तीन हजारांवर लोकांनी बघितलाय.

तर चिंता ही नाही की हसतात. हसू देत. मला पण हसू आलं.

मी रात्री तो परत बघितला, इअरफोन लावून. वायरवालेच, मी अजून तेच वापरतो. बिनवायरचे घेतले होते दिवाळीत, त्यातला एक मिरजेच्या एसटीत सीटखाली गेला तो गेला. शिवाय ते चार्ज करा, जोडा, गेममध्ये गोळी आधी दिसते आणि आवाज मागून येतो. आता गंमत बघ. पुण्या-मुंबईचे मोठमोठे लोक वायरवाले लावून फोटो काढायला लागले, तर आमच्या वर्गातल्या निम्म्यांनी परत वायर आणली. आणि मला विचारतात, तू पण ट्रेंड धरलास होय? अरे मी सोडलंच कधी होतं! कोथरूडचा दादा तर विचारू नकोस. ॲपलनं २०१६ ला आयफोन ७ मधून इअरफोनचं भोक बुजवलं तेव्हा तेच बरोबर होतं, युरोपनं नियम केला म्हणून २०२३ ला आयफोन १५ ला टाइप-सी आलं तेव्हा तेही बरोबर. दिवाळीत माझाच चार्जर मागून घेतला आणि वर मला सांगतो, टाइप-सीसारखं सुख नाही. आणि कपाटातून काकांचा जुना डिजिटल कॅमेरा काढलाय, सगळे फोटो मुंजीच्या अल्बमसारखे येतात, चेहरे पांढरेफटक, डोळे लाल. त्याला म्हणतो 'व्हाइब'. मी काय म्हणालो? मी म्हणालो, भारी.

आणि मला अजिबात भारी वाटलं नव्हतं. हेच सांगायचंय तुला.

परवा ग्रुपबरोबर सिनेमाला गेलो. बाहेर आल्यावर आद्यानं विचारलं, कसा वाटला? मी म्हटलं, "बघू." बघू काय, लेका? सिनेमा बघून झाला होता! मला आधी बाकीचे काय म्हणतात ते ऐकायचं होतं. आणि तो जर्किनवाला, ज्याला धड दाढ सुद्धा आली नव्हती, तो सांगतोय डबडा वाजवल्यासारखा आहे पण मला आवडतो. कुणाला विचारत नाहीये. तू शेजारी रडतोयस तरी विचारत नाहीये.

त्याचा मला रागही येतो आणि तो काढून टाकायचं मनही होत नाही. हे मी इथे कुणाला सांगितलं तर ते मला पाचपैकी दोन देतील.

आता खरी अडचण. पासवर्ड नसला तरी तो काढता येतो. व्हिडिओत जो ओळखू येतो त्यानं स्वतः यूट्यूबकडे तक्रार करायची, माझा खासगीपणा जातोय म्हणून. मी करू शकतो, तूही. म्हणजे जमत नाही म्हणून गप्प बसलोय, असं म्हणायची सोय गेली. ठरवायलाच लागणार. आणि त्यात रडतोयस तू, मी नाही, म्हणून तुझ्यावाचून ठरवत नाही.

आणि डिसेंबरात गॅदरिंग आहे. कल्चरलच्या मॅडमनी व्हिडिओ बघितला (कुणी दाखवला असेल ओळख) आणि त्यांना तो स्टेजवर हवाय, जसाच्या तसा, वायर तुटण्यासकट. मी म्हटलं पव्या लातूरला आहे. तर चिन्या म्हणाला, मी करतो पव्या. रोज रडायची प्रॅक्टिस करतोय, इतकं वाईट रडतो की तुला रॉयल्टी मागावी लागेल. ओठ आधी बाहेर काढतो आणि मग वायर तोडतो. मी त्याला सांगितलं, येड्या, आधी दाराकडे बघायचं असतं. तर म्हणतो, का? त्याला ताईचा धाक माहीत नाही ना.

मी हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. 'बघू' म्हटलंय.

बाकी तुझं काय? टेस्ट झाली का, किती पडले? फिजिक्सचे नवे सर समजतात का? केस गळतायत म्हणाला होतास, तेल लाव. बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल दाखवली का तुम्हाला त्या रात्री? इथे मध्यरात्री विश्रामबागला जे फटाके लागले, दिवाळीला नव्हते लागले. आपली स्मृती शेवटी! बाबा, जे म्हणायचे बायकांच्या क्रिकेटला कोण जागतंय, ते दीप्तीच्या पाचव्या विकेटला सोफ्यावर उभे होते. हरमननं मागे पळत जाऊन तो कॅच घेतला आणि आजी म्हणाली, झालं का, आता टीव्ही बंद करा. मला वाटतं शेफालीला आधीच घ्यायला हवं होतं. हे बघ, हे माझं स्वतःचं मत आहे, कुणाला न विचारता दिलेलं. तुझ्याशी बोलताना अजून जमतं.

काकूंना विचार, २०२० चं कालनिर्णय आहे का. त्या दुधाच्या हिशोबाशेजारी सगळे पासवर्ड लिहायच्या. ऑगस्टचं पान बघायला सांग. फळीवर अंथरलं असेल तर डबे हलवून बघायला सांग. आणि कशासाठी हवंय ते सांगू नकोस, त्या ताईला सांगतील.

मॅडमना पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचंय, म्हणजे तुझं पत्र वेळेत येत नाही. रविवारी फोनवर सांग. रेक्टर असतील म्हणून असं करू: 'मेसचं जेवण चांगलं आहे' म्हणालास तर व्हिडिओ ठेवायचा, 'वाईट आहे' म्हणालास तर काढायचा. नको, वाईट तर ते असतंच, तुझ्या तोंडून सवयीनं निघून जाईल. उलट धर. वाईट म्हणजे ठेवायचा, चांगलं म्हणजे काढायचा. आणि चिन्यानं तुझं काम केलेलं चालेल का, त्यासाठी वरणाबद्दल काहीतरी बोल, मी समजून घेतो.

तुझाच,
सुम्या

ता. क. : आईनं भडंग दिलंय, बाबांच्या ऑफिसातले एकजण लातूरला येतायत त्यांच्याबरोबर पाठवतो. डबा परत पाठव, मागचाही तुझ्याकडेच आहे. ताईचे ते दीडशे अजून निम्मे निम्मे राहिलेत, तिला पगार सुरू झालाय तरी ती विसरलेली नाही. मला परवा जिन्यात भेटली आणि नुसतं म्हणाली, "वायर बघा."