गाण्याबद्दलच लिहायचं होतं

प्रिय मनू,

"आई, गाण्याबद्दल बोल ना काहीतरी," असं म्हणून तू शुक्रवारी रात्री फोन ठेवलास. म्हणून आज गाण्याबद्दल लिहायला बसले आहे. फोनवर बोलताना माझं मन एकाच ठिकाणी अडकतं. कागदावर ते ताब्यात राहील असं वाटतंय.

जिन्यातल्या दिव्याचं तुझं गाणं अख्खं मी शुक्रवारीच, तुझ्या त्या इंटरनेट रेडिओवर, पहिल्यांदा ऐकलं. घरी होतीस तेव्हा त्याच्या दोनच ओळी तुझ्या तोंडात असायच्या, त्याही दात घासताना. आता त्याला तीन कडवी झाली आहेत. दुसरं कडवं मी लिहून घेतलं:

कोण उतरलं, कोण चढलं,
भिंतीला ठाऊक आहे;
हाताच्या उंचीवर तेवढा
रंग उडाला आहे.

हे तू कधी पाहिलंस? त्या जिन्याने मी इतकी वर्षं ये-जा केली. रंगकाम काढलं तेव्हा रंगाऱ्याला तीच जागा नीट घासून घे म्हणून मीच बजावलं होतं. ती नानांच्या तळहाताने झिजली आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गाण्यात त्यांचं नाव कुठेही नाही, तरी पहिल्या ओळीपासून मला तेच दिसत होते. आत्याला लिंक पाठवली. ती त्यावर अवाक्षर बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिने पेटी काढली.

आणि चाल! "उतरलं" म्हणताना तू स्वर वर नेतेस आणि "चढलं" म्हणताना खाली येतेस. आधी मला वाटलं, चुकलीस. दुसऱ्या वेळी ऐकल्यावर कळलं की खाली जाणाऱ्या माणसाकडे वरून पाहणारं कुणीतरी गातंय. हे ज्याला सुचतं त्याला मी काय शिकवणार?

पण गाणं संपल्यावर तू हसलीस आणि त्या निवेदकाला सांगितलंस की मंगळवारच्या कार्यक्रमापासून कानात शीळ वाजतेय, त्यामुळे आज सगळ्या गाण्यांना एक स्वर फुकट मिळतोय. तो हसला. तूही हसलीस. मंगळवार ते शुक्रवार, मनू.

बघ, आलंच ते. आता आलंच आहे तर एकदा सांगते आणि मग गाण्याकडे वळते.

८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास चालतो असं धरतात. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० ला पोहोचेपर्यंत हातात पंधरा मिनिटं उरतात. मंगळवारचा जो व्हिडिओ तुझ्या मित्राने टाकलाय, त्यात साउंडवाल्या मुलाच्या टेबलावर मीटर दिसतो. मी थांबवून थांबवून पाहिला. १०३. म्हणजे साडेसात मिनिटं. आणि तू तिथे साउंडचेकपासून होतीस, तुझ्या आधीची दोन्ही बँड समोर उभी राहून ऐकलीस, मग स्वतः गायलीस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी जे मानक काढलं, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये, येणाऱ्यांना कानातले बोळे मिळावेत, आणि थोडा वेळ कानाला विसावा देता येईल असा शांत कोपरा असावा, असं स्पष्ट म्हटलंय. तिथे असा कोपरा होता का?

तू म्हणशील, दोन दिवसांत जातं ते, सगळ्यांना होतं. पुष्कळदा जातंही. पण २००९ साली उंदरांवरचं एक संशोधन आलं, त्यात मोठ्या आवाजानंतर ऐकणं पूर्ववत झालं, चाचणी साफ आली, आणि तरी कानातल्या पेशी मज्जातंतूंशी जिथे जोडलेल्या असतात त्यातले कितीतरी जोड कायमचे गेलेले निघाले. माणसात असं किती होतं यावर अजून वाद आहे. मला त्या वादात पडायचं नाही. "गेलं, बरं झालं" एवढ्यावर माझा विश्वास बसत नाही, इतकंच.

माणसाच्या एका कानात ऐकण्याच्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात आणि जन्मभर तेवढ्याच. पक्ष्यांच्या कानात त्या मेल्या तर पुन्हा उगवतात. आपल्यात नाही.

पुरे. व्याख्यान झालं हे, मला माहीत आहे. रागावू नकोस.

रेडिओबद्दल सांगायचं राहिलंच. तुझं ते स्टेशन एका खोलीतून चालतं आणि लावायला जाहिराती नाहीत, हे तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं होतं, हौसेचा मामला असेल. मग मी वाचत गेले. अमेरिकेतल्या चॅपल हिल इथल्या विद्यापीठाचं विद्यार्थ्यांचं एक स्टेशन आहे, डब्ल्यूएक्सवायसी. ७ नोव्हेंबर १९९४ ला त्यांनी आपलं प्रक्षेपण इंटरनेटवर सोडलं, अगदी पहिल्यांपैकी. म्हणजे या प्रकाराची सुरुवातच मोठ्या कंपन्यांनी केलेली नाही, तुझ्यासारख्या पोरापोरींनी केली.

मला सगळ्यात आवडलं ते त्याचं आतलं काम. मनोऱ्यावरून जाणाऱ्या रेडिओला किती जण ऐकतात याने फरक पडत नाही, एक असो की लाख, खर्च तोच. इंटरनेटवर मात्र जो ऐकायला येतो त्याच्यासाठी सर्व्हरला वेगळी धार सोडावी लागते. १२८ केबीपीएसच्या वेगाने तासाला एका माणसामागे साधारण ५८ एमबी डेटा. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या बोर्डावर प्रत्येक कॉलला स्वतंत्र दोरी लावायचो ना, अगदी तसंच. म्हणजे शुक्रवारी तुमच्या त्या खोलीतून एक दोरी खास माझ्यापर्यंत आली होती. जितकी माणसं वाढतील तितकी दोऱ्यांची भर, तितका त्या मुलांच्या खिशाला भार, आणि तरी ती मुलं अनोळखी गाणाऱ्यांना तासभर देतात, पाट्या वाचून दाखवल्यासारखी नावं न घेता नीट ऐकून बोलतात. तुझ्या आधी तो मुलगा गायला, तो दुकानांच्या बंद शटरवर गाणं करणारा, त्याला विचार पुढे काय झालं. त्याचं शेवटचं कडवं घाईत संपलं, पण माणूस खरा आहे.

आणि तुझा आवाज. त्या छोट्या खोलीत तू हळू गायलीस. मोठ्या कार्यक्रमाच्या व्हिडिओत तुझे शब्द मला कधीच कळत नाहीत. ड्रम आणि झांजा त्यावर बसतात आणि तू त्यांच्या वर जायला ओरडतेस. रेडिओवर "भिंतीला ठाऊक आहे" मधला "ठाऊक" तू जवळजवळ नुसत्या श्वासावर सोडलास, आणि तो इथपर्यंत आला. गाणं तू लिहिलेलं, तूच गायचं, तर ते असं ऐकू यायला नको का?

फक्त हेडफोन. तिथे हेडफोन लावून गातेस ना? त्याचा आवाज किती असतो? द हू या बँडचा पीट टाउनशेंड, स्टेजवर भिंतीएवढे स्पीकर लावणारा माणूस, त्याने आपल्या कानांच्या दुखण्याचा दोष स्टुडिओतल्या हेडफोनला दिलाय. मीही नोकरीभर हेडसेट लावून बसले. लाइनवर अचानक कडाका झाला की डोळ्यासमोर पांढरं व्हायचं. आमच्यातल्या ज्येष्ठ बायका सांगायच्या, कान बदलत राहा गं, एकाच कानाला राबवू नका. मी बदलायचे. आजही माझा डावा कान चांगला आहे.

तू पाच-सहा वर्षांची असशील. दुपारी झोपवलं होतं तुला. एकदम उठून म्हणालीस, "आई, पंखा उतरला." मी वर पाहिलं, पंखा जागच्या जागी. तुझा बाबा म्हणाला, स्वप्नात असेल. मग शेजारच्या काकू आल्या, त्यांच्याकडे दिवे मंद झाले होते, व्होल्टेज पडलं होतं. पंख्याचा सूर उतरला होता आणि तो तुला झोपेत ऐकू आला. आत्याच्या पेटीतली ती एक बेसूर पट्टी पण तूच धरलीस, आत्या ती वर्षानुवर्षं वाजवत होती आणि तिला पत्ता नव्हता. "ही रुसलीय," म्हणालीस. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं तर स्वरपट्टीवर गंज. त्या दिवसापासून तुझ्या कानाचा मला गर्व आहे. तुझ्या मार्कांचा मी कधी कुणाला पाढा वाचला नाही, पण पंख्याची गोष्ट मी एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना सांगितलीय.

आणि नानांचं तू पाहिलंच आहेस. शेवटी शेवटी ते भजनाला यायचे आणि मागे बसायचे. टाळ हातात घ्यायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, आज घसा बरा नाही. तू लहान होतीस, तुला ते घशाचं खरं वाटायचं.

शुक्रवारी फोनवर तू म्हणालीस, बीथोव्हेन बहिरा होता. होता. १८०२ मध्ये, तो एकतीस वर्षांचा असताना, त्याने भावांना उद्देशून एक पत्र लिहिलं आणि ते पाठवलंच नाही, तो गेल्यावर त्याच्या कागदांत सापडलं. त्यात तो लिहितो की जवळ उभ्या असलेल्या माणसाला दूरची बासरी ऐकू यायची आणि त्याला काहीच ऐकू यायचं नाही. त्यानंतरही त्याने थोर संगीत लिहिलं हे खरंच. पण लोकांसमोर पियानो वाजवणं त्याला सोडावं लागलं. तुझं लिहिणं आणि गाणं वेगळं काढता येतं का? मला तरी येत नाही.

आता करायचं काय तेवढं सांगते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढून घे. शीळ थांबली असली तरी जा, निदान आजचा आलेख हाताशी राहील आणि पुढे तुलना करता येईल. आवाजाने झालेलं नुकसान बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपास खळग्यासारखं दिसतं. आणि कधी एका कानाने अचानक कमी ऐकू आलं तर त्याच दिवशी गाठ डॉक्टरांना, त्यात उशीर चालत नाही.

बोळ्यांबद्दल तू म्हणालीस की ते घातले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि बाकी सगळं गोधडीखालून आल्यासारखं येतं. फोमच्या बोळ्यांचं ते खरंच आहे, ते वरचे स्वर जास्त खातात. वादकांसाठी वेगळे मिळतात, कानाचा साचा घेऊन केलेले, सगळे स्वर सारखेच, पंधरा डेसिबलने खाली आणणारे. साचा कानात खोलवर बसला तर स्वतःच्या आवाजाचा घुमारा कमी होतो. सवय व्हायला वेळ लागेल. रियाजात घाल, मग कार्यक्रमात. मॉनिटर, म्हणजे तुझा आवाज तुलाच ऐकवणारा स्पीकर, तुझ्याकडे वळवून घे म्हणजे आवाज वाढवायला सांगावं लागणार नाही, झांजांपासून दूर उभी राहा, आणि दुसऱ्यांचं गाणं ऐकायचं तर मागे जाऊन ऐक. साउंडवाल्याला सांगायला लाजू नकोस. गाणारी तू आहेस.

हे सगळं तुला माहीत असणार. तू माझ्याहून हुशार आहेस आणि स्वतःच्या पायावर उभी आहेस. तरीही लिहिलं, त्याबद्दल माफ कर.

अमेरिकेत नॅशव्हिलला ब्लूबर्ड कॅफे म्हणून एक जागा आहे, १९८२ पासून. जेमतेम नव्वद माणसं मावतात. गाणी लिहिणारे स्वतः खोलीच्या मधोमध वर्तुळात बसतात, एक गातो, बाकीचे ऐकतात, गाणं कसं झालं ते सांगतात, आणि ऐकायला आलेल्यांनी गप्पा मारल्या तर त्यांना गप्प केलं जातं. मी वाचलं आणि तुझीच आठवण झाली. तुम्ही पाच-सहा जण तसं का करत नाही? त्या रेडिओच्या पोरांना घेऊन, एखाद्या छोट्या खोलीत, ड्रमशिवाय, आणि तेच थेट प्रक्षेपित करा. शटरवाल्या मुलालाही बोलव. मोठे कार्यक्रम सोड असं मी म्हणत नाही. गर्दीसमोर उभं राहायला तुला आवडतं, ते व्हिडिओत तुझ्या चेहऱ्यावर दिसतं, आणि तो चेहरा पाहून मी घाबरते तितकीच खूशही होते. पण जिन्याचं गाणं त्या गर्दीत गाऊ नकोस. त्याला ती खोलीच हवी.

आणखी एक, हे खरंच गाण्याबद्दल. तिसऱ्या कडव्यात दिवा लागतो आणि गाणं संपतं. मला वाटतं दिवा लावू नकोस. नानांनी तो कधी लावला नव्हता. पटलं नाही तर सोडून दे, गाणं तुझं आहे.

डॉक्टरांची वेळ घेतलीस की कळव. रिपोर्ट आला की "सगळं ठीक आहे" असं फोनवर सांगू नकोस, कागदाचा फोटो पाठव, दोन्ही कानांचा. मी वाचायला शिकले आहे.

तुझी,
आई

ता. क. पुढचा कार्यक्रम किती वाजता आहे? आत्याच्या फोनवर लिंक उघडत नाही, म्हणून ती इथेच येणार आहे.