पायरसीला दहशतवादाचे माप नको

मा. संपादक,
स. न.

पायरसीवाल्यांना अतिरेक्यांसारखेच वागवा, असे हल्ली सर्रास बोलले जाते. गडचिरोली जिल्ह्यात हे बोलणे हलके वाटत नाही. आपल्या राज्याने तर 1981 च्या एमपीडीए, म्हणजे धोकादायक कृत्यांना आळा घालण्याच्या, कायद्यात 2009 साली हातभट्टीवाल्यांच्या रांगेत 'व्हिडीओ पायरेट्स'ही आणून बसवले. म्हणजे खटल्याविना 12 महिन्यांपर्यंत स्थानबद्धता. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये 6 महिने ते 3 वर्षे शिक्षा आहे, पण गुन्हा शाबीत करावा लागतो. तेच योग्य आहे. आठवडी बाजारात मेमरी कार्ड भरून देणारा मोबाईलवाला आत गेला, तरी पहिली कॉपी काढणारा मोकळाच राहतो.

साम्य आहे ते पुराव्यात. पेनड्राइव्हमध्ये नक्षली पत्रके असोत की नवा सिनेमा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागतेच आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे आतल्या माहितीवरून निघणारा डिजिटल ठसा, लिहावी लागते. घोळ इथेच होतो. 'आत काय आहे बघू' म्हणून ठाण्यातल्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला, की संगणक त्यावर स्वतःच्या फाइली लिहून मोकळा होतो. मग प्रयोगशाळेतली हॅश पंचनाम्याशी जुळत नाही. जप्तीच्या जागीच राइट ब्लॉकर (पेनड्राइव्हवर काही लिहू न देणारे उपकरण) लावून एसएचए-256 पद्धतीची 64 अक्षरी हॅश काढावी, ती सिरीयल नंबरसह पंचांसमोर उतरवावी, मगच सील करावे.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांना तर शिक्षेपेक्षा वेळेवर कायदेशीर दाद हवी. हंगाम जेमतेम दिवाळी ते होळी. प्रयोग कुणी मोबाईलवर काढून यूट्यूबवर टाकला, तर कॉपीराइट नियम 2013 चा नियम 75 कामी येतो. लेखी तक्रारीत नाटकाचे वर्णन, मालकीचा पुरावा, नेमकी लिंक आणि 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणण्याची हमी द्यायची. तक्रारीत तथ्य दिसले, तर यूट्यूबला 36 तासांत व्हिडिओ बंद करावा लागतो. पुष्कळदा चॅनेलची लिंक दिली जाते, व्हिडिओची नाही. 21 दिवसांत आदेश आला नाही, तर व्हिडिओ पुन्हा सुरू होऊ शकतो. मालकीचे दुखणे त्याहून मोठे. लेखक-निर्मात्यातला व्यवहार तोंडी असेल, तर निर्मात्याच्या हाती काहीच उरत नाही, कारण हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागते. लेखी करारात हक्काची मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती 5 वर्षे धरतो. यंदाच्या करारांवर मंडळ्यांनी मुदत घालूनच सह्या घ्याव्यात.

— एक नाट्यरसिक वाचक, देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली