गाडी पूर्ण विजेचीच घेतली आहे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर गाडीचा विषय निघाला की आधी बाबांचा आवाज चढतो, मग माझा, आणि शेवटी आई मध्ये पडून हवापाण्याची चौकशी सुरू करते. म्हणून जे सांगायचे आहे ते लिहूनच कळवते. गाडीचे ठरले आहे आणि कागदपत्रांवर सह्याही झाल्या आहेत. आम्ही पूर्ण विजेवर चालणारा पिकअप ट्रक घेतला आहे, फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग, वापरलेला पण मोठ्या बॅटरीचा. सोबतीला पेट्रोलचे इंजिन असलेला, ज्याला इकडे अमेरिकेत रेंज-एक्स्टेंडर म्हणतात तो, घेतलेला नाही. बाबा, इंजिनवालाच घ्या हे तुमचे म्हणणे मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिले असे कृपया समजू नका. उलट ते इतके बिनतोड होते की त्याला उत्तर शोधण्यातच आमचा निर्णय लांबला.

त्या रेंज-एक्स्टेंडरची रचना तुम्हाला दुकानातल्या विक्रेत्यापेक्षा लवकर कळली याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. ज्याची उमर रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये गेली, त्याला वेगळे काय समजवायचे? रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ गाडीतल्या २६०० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाचा चाकांशी थेट संबंध नसतो, ते जनरेटर फिरवते आणि त्या विजेवर ट्रॅक्शन मोटर गाडी ओढतात, हे मला शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाआधी तुमच्याकडून कळले होते. या नव्या इंजिनवाल्या ट्रकमध्येही तत्त्व तेच आहे, फक्त जनरेटर आणि मोटर यांच्यामध्ये एक भलीमोठी बॅटरी येऊन बसली आहे. रॅम कंपनीने जाहीर केलेल्या ट्रकमध्ये ९२ किलोवॉट-तासांची बॅटरी, ३.६ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि १३० किलोवॉटचा जनरेटर आहे. नुसत्या बॅटरीवर १४५ मैल आणि टाकी धरून एकूण ६९० मैल, असा कंपनीचा हिशेब आहे. कागदावर पाहिले तर ही गाडी कोणालाही मोहात पाडील, आणि आम्हीही पडलो होतो. स्काउट नावाच्या कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात पूर्ण विजेचा आणि इंजिनवाला असे दोन्ही प्रकार एकत्र जाहीर केले, तेव्हा नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी इंजिनाचाच प्रकार मागितला, म्हणजे तुमच्या मताचे लोक इकडेही भरपूर आहेत.

मी रेल्वेचाच दाखला देऊन तुमच्याशी भांडले होते, की तुमच्याच खात्याने डिझेल मागे टाकून वीज धरली आणि आपल्या खंडाळा आणि कसारा या दोन्ही घाटांत तर १९३० च्या सुमारासच विजेची इंजिने चढू लागली होती. त्यावर तुम्ही म्हणालात, "अगं, पण त्या इंजिनाच्या डोक्यावर तार असते. तुझ्या गाडीच्या डोक्यावर काय आहे?" या प्रश्नाला फोनवर मला उत्तर सुचले नव्हते. डोक्यावर तार नाही हे खरेच आहे, आणि मागे कॅम्पर ट्रेलर जोडला की या गाडीचा पल्ला जवळपास निम्म्यावर येतो हेही खरे आहे. आमच्या गाडीचा अधिकृत पल्ला ३२० मैलांचा आहे. ट्रेलरसह मी दीडशेच धरून चालते आणि त्यातलेही थोडे राखून ठेवते. चार्जिंगच्या बहुतेक जागा लांब गाड्यांचा विचार करून बांधलेल्या नाहीत, त्यामुळे कधी कधी ट्रेलर सोडवून बाजूला लावावा लागतो आणि मग पुन्हा जोडावा लागतो, ही कटकट आहेच. आम्ही दर आठवड्याला ट्रेलर घेऊन वायोमिंगच्या डोंगरांत जाणारे असतो, तर मी डोळे मिटून तुमचे ऐकले असते.

पण तसे आमचे जीवन नाही, बाबा. वर्षातले बहुतेक दिवस ही गाडी मला कामावर नेणार, ईशानला पोहण्याच्या वर्गाला सोडणार आणि रात्री घरच्या चार्जरवर उभी राहणार. मग उन्हाळ्यातल्या मोजक्या प्रवासांसाठी इंजिन, त्याचे तेल, कूलंट, धुराडे आणि पेट्रोलची टाकी हा सगळा संसार वर्षभर वाहून न्यायचा, आणि शिवाय त्याची निगाही राखायची. वापर नसला तरी तेल बदलावे लागते. पेट्रोल टाकीत पडून पडून शिळे होते. शेवरोलेच्या व्होल्ट गाडीत तर इंजिनाला बराच काळ काम पडले नाही, की ते बिघडू नये म्हणून गाडी स्वतःच त्याला थोडा वेळ चालवून घेत असे. पडून राहिलेले इंजिन धावणाऱ्या इंजिनापेक्षा लवकर खराब होते, असे तुम्हीच म्हणत आला आहात ना? रेंज-एक्स्टेंडर म्हणजे आपल्या जुन्या गाडीच्या डिकीतला तुमचा तो पेट्रोलचा कॅन आहे. घाटातल्या त्या रात्रीनंतर तुम्ही तो कधीच खाली काढला नाहीत, आणि का काढला नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हा निर्णय तुम्हाला सांगताना माझा हात अडखळतो आहे.

फोर्डने २०२५ च्या डिसेंबरात पूर्ण विजेचा लाइटनिंग बंद करून पुढचा लाइटनिंग रेंज-एक्स्टेंडर करण्याचे जाहीर केले, ती बातमी तुम्ही मला दोनदा पाठवलीत. कंपनीनेच जिचा नाद सोडला ती गाडी आपण कशाला घ्यायची, ही तुमची शंका रास्त आहे. परंतु बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैल, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंतची आहे, आणि ती गाडीबरोबर आमच्याकडे आली आहे; शिवाय या गाडीची केबिन बरीचशी साध्या एफ-१५० सारखीच असल्यामुळे काचा, दारे यांची अडचण पडू नये. दुसरीकडे, इंजिनवाला ट्रक प्रत्यक्ष दारात कधी येईल, हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. रॅमची तारीख तर वारंवार पुढे गेली. तुम्ही इकडे आलात की तुम्हाला घेऊन मिशिगनमधल्या मॅकिनॉ पुलापर्यंत जायचा बेत आम्हाला येत्या उन्हाळ्यातच पार पाडायचा आहे. यात तुमच्या वयाचा काहीही संबंध नाही. ईशान मोठा होतो आहे, पुढच्या वर्षी तो आपल्याबरोबर यायला राजी असेल की नाही याची खात्री नाही, आणि सुट्ट्यांचाही प्रश्न आहे. बरे, थोडा संबंध आहे, पण थोडाच.

आता तुमच्या सोयीचे सांगते. मॅकिनॉ आमच्या घरापासून पावणेतीनशे मैलांच्या आसपास आहे. निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असेल, आणि वाटेत दोनदा पाऊण-पाऊण तास थांबावे लागेल. तेवढ्याने तुमची काहीच अडचण होणार नाही, कारण बाबांना दर दोन तासांनी उतरावेच लागते आणि आईच्या गुडघ्यालाही एकसारखे बसणे सोसत नाही. विजेच्या गाडीमुळे थांबावे लागले म्हणून कोणी मनाला लावून घ्यायचे नाही. पेट्रोलची असती तरी इतकेच थांबलो असतो, फक्त तेव्हा दोष तुमच्या तब्येतीला गेला असता. रात्री कॅम्पच्या जागेवर ५० अँपिअरचा सॉकेट असतो, त्यावर गाडी लागते, त्याच खांबावरच्या दुसऱ्या सॉकेटवर ट्रेलर लागतो, आणि सकाळपर्यंत बॅटरी बरीचशी भरलेली असते. बाबांचे इन्सुलिन पुढच्या बॉनेटखालच्या मोठ्या कप्प्यात, तिथल्याच सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या फ्रिजमध्ये राहील. त्या जागी इंजिन असते तर हा कप्पाच मिळाला नसता, हे आपले जाता जाता.

आई, तुला पेट्रोलच्या वासाने पोटात ढवळते, तो वास या गाडीत नाही. मात्र विजेच्या गाडीत पाय उचलला की गाडी स्वतःच ओढून धरल्यासारखी मंदावते आणि त्यानेही काहींना मळमळते. ती सोय मी बंद ठेवणार आहे, म्हणजे गाडी साध्या गाडीसारखीच हळूहळू मंदावेल. ट्रकची पायरी उंच आहे. दोन्ही बाजूंना रुंद पायदान बसवून घेतले आहे आणि आत चढताना धरायला दारालगतच्या खांबाला मूठ आहे. आधी मूठ धरायची, मग उजवा पाय ठेवायचा, डाव्या गुडघ्यावर भार टाकायचा नाही. मागच्या आसनावर तुझी ती जुनी उशी मावेल. आणायची असेल तर आण, मी हसणार नाही.

बाबांच्या झोपेतल्या श्वासाच्या यंत्राची काळजी मी सर्वांत जास्त केली आहे. मिशिगनमध्ये वादळ आले की झाडे तारांवर पडतात आणि वीज जाते, हे तुम्ही मागच्या खेपेला अनुभवले आहे. या गाडीतून घराला ९.६ किलोवॉटपर्यंत वीज देता येते आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा आम्ही भिंतीवर बसवून घेत आहोत. बॅटरी १३१ किलोवॉट-तासांची आहे. जपून वापरली तर घर दोन-तीन दिवस निभावून नेईल. टाकी भरत राहिलो तर रेंज-एक्स्टेंडर त्याहून अधिक काळ पुरेल, हे मान्य. पण आमचे गॅरेज घराला लागून आहे, आणि बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड किती घातक असतो हे तुमच्यासारख्याला मी सांगायला नको. वरच्या खोलीत तुम्ही दोघे झोपलेले असताना खाली इंजिन चालू राहण्यापेक्षा मला ही मुकी गाडीच बरी वाटते.

बाबा, लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन तो शंटिंगचा खेकडा, म्हणजे ते जुने विजेचे रेल्वे इंजिन, दाखवायला नेत होतात, ते आठवते का? अंगाने हिरवा, लांब नाकाचा, आणि चालताना कण्हल्यासारखा आवाज काढणारा. तुम्ही पक्के डिझेलवाले. पण घाट चढावा तर यानेच, असे तुम्ही कंडक्टरच्या थाटात जाहीर करत होतात आणि मी ते वर्गात जाऊन तसेच्या तसे सांगत होते. या गाडीच्या निवडीत त्या कौतुकाचा थोडा वाटा असेल तर तो तुमचाच समजा.

पैशांचे एकदाच लिहिते, नंतर हा विषय नको. इंजिनवाली नवी गाडी घ्यावी म्हणून फंडातली रक्कम पाठवतो म्हणालात, ते ऐकून मला रडू आले होते, ते फोनवर कळू दिले नाही. तो फंड मोडायचा नाही. त्यातून आईच्या गुडघ्याचे जे काही डॉक्टर सांगतील ते करायचे आहे.

आता मी सांगते तेवढे करा. प्रवासाचा विमा मी इथून काढते. तुम्ही एजंटाकडे जाऊ नका. बाबांनी औषधांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्यावी आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे, मोठ्या बॅगेत मुळीच नाही. श्वासाचे यंत्रही हातातच, त्याची वायर आणि मास्कसह. आईने निघण्यापूर्वी गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्यावा आणि त्याचा फोटो मला पाठवावा, "बरे आहे" असा निरोप चालणार नाही. ट्रेलर जोडताना आणि सोडताना बाबांनी हुकाला हात लावायचा नाही. उभे राहून सूचना द्यायला हरकत नाही, तशाही त्या येणारच आहेत. गाडीबद्दल आणखी शंका असतील तर त्या कागदावर लिहून ठेवा आणि येताना घेऊन या, रात्री जेवणानंतर एकेक घेऊ. आणि तिकिटाची तारीख मी मंगळवारी पक्की करणार आहे, त्यापूर्वी पासपोर्टांची मुदत पाहून कळवा.

तुमची,
मनू