आधी भिंतीलगतची माती तपासा

महोदय,

इंग्लंडमधील जुन्या पॅरिश चर्चच्या आवारात झालेल्या चाचणी उत्खननावरचा लेख वाचला. किती सांगाडे निघाले, यावरच त्यात भर आहे. पण चाचणी खड्डा सांगाडे काढण्यासाठी घेतच नाहीत. गटार किंवा नळ टाकायचा झाल्यास कशालाही धक्का न लावता किती खोल जाता येईल, हे त्यातून पाहायचे असते.

सर्वांत मोलाची माती चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या मीटरभर पट्ट्यात असते. पायासाठी खणलेल्या चराने एखादी कबर कापली असेल, तर कबर भिंतीआधीची. कबरच त्या चरात घुसली असेल, तर ती नंतरची. कागदपत्रे नसलेल्या चर्चचा कालक्रम कधी कधी एवढ्यावरून लागतो. एकोणिसाव्या शतकापासून ओल घालवण्यासाठी भिंतीलगत चर खणले गेले आणि नेमका हाच पुरावा ठिकठिकाणी कायमचा गेला, याची खंत वाटते.

शतकानुशतके दफन होत आलेली माती आतबाहेर सारखीच काळपट असते, त्यामुळे कबरीची कड दिसत नाही. ट्रॉवेलने (छोट्या थापीने) पृष्ठभाग खरवडून हलके पाणी फवारावे लागते. शवपेटीचे गंजलेले खिळे ओळीने लागले की कड सापडते. डोके पश्चिमेला, पाय पूर्वेला अशी दफनाची रीत असल्याने 1 मीटर चौरसाच्या खड्ड्यात अनेकदा नुसत्या नडग्याच दिसतात. उरलेला सांगाडा खड्ड्याच्या बाजूतून उकरून काढू नये. दिसतो तेवढा भाग साफ करावा, छायाचित्र व रेखाटन घ्यावे, पातळी मोजावी आणि जागीच झाकावा. जुन्या कबरींवर नव्या खणल्याने सुटी हाडे अगदी वरच्या थरापासून मिळतात. त्यांच्यावरून थराचा काळ ठरवणे चुकीचे आहे; हाडांचा काळ मोजणाऱ्या कार्बन-14 चाचणीसाठी सांधे जागेवर असलेल्या सांगाड्याचाच नमुना हवा.

परवानगीबाबत लेख मोघम आहे. 1857 च्या बरिअल ॲक्टच्या कलम 25 नुसार पुरलेले अवशेष परवान्याशिवाय हलवणे गुन्हा आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या अभिषिक्त भूमीत त्यासाठी धर्मप्रांताच्या न्यायालयाची ‘फॅकल्टी’ म्हणजे परवानगी लागते.

खड्डा बुजवताना माती पातळ थरांत ठोकत भरावी. एकदम लोटली तर ती पावसात खचते आणि पाणी थेट पायाशी साचते.

– एक पुरातत्त्व अभ्यासक