अलायनरबद्दल, पैसे भरण्याआधी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला अलायनरचा व्हिडिओ पाहिला. वरच्या दातांची कमान त्यात इतक्या झोकात रुंदावते की जबडाच मोठा होतोय असं वाटावं. तसं होत नाही. हे फोनवरही सांगितलं असतं, पण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचा तो पारदर्शक प्लास्टिकचा साचा, दात हलवतो, हाड रुंद करत नाही. टाळूच्या मधोमध दोन हाडांची शिवण असते. मुलांमध्ये ती पक्की झालेली नसते, म्हणून तिथे जबडाच रुंद करता येतो. एमर्सन एंजेल या अमेरिकी दंतवैद्याने १८६० साली चौदा वर्षांच्या मुलीवर स्क्रूचं उपकरण लावून हे केल्याचं प्रसिद्ध केलं होतं, आणि आजचे एक्सपांडर, म्हणजे टाळू रुंदावणारी उपकरणं, त्याच तत्त्वावर चालतात. मोठ्यांमध्ये शिवण घट्ट झालेली असते. मग अलायनरच्या जोराने दाढा गालाकडे कलतात. दिसणारा भाग बाहेर येतो, मूळ बरंचसं जागच्या जागी राहतं.

थोडी जागा हवी असेल, तर यात काही वाईट नाही. उपदाढांपाशी चांगला फरक पडतो, अगदी मागच्या दाढांपाशी कमी. म्हणून डॉक्टर आराखड्यात मुद्दाम थोडं जास्त रुंदीकरण धरतात आणि अलायनरची पकड बसून मुळंही सोबत हलावीत म्हणून दातांवर छोटे उंचवटे चिकटवतात. पण तुझ्या हिरड्या आधीच पातळ आहेत. दात हाडाच्या कडेबाहेर ढकलले गेले, तर हिरडी मागे सरकून मूळ उघडं पडायचा धोका आहे. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचार: अरुंदपणा दातांचा आहे की हाडाचा? हाडाचा असेल, तर टाळूत बारीक स्क्रू बसवून किंवा शस्त्रक्रिया करून रुंदी मिळवतात. ते काम अलायनरच्या आवाक्यातलं नाही.

आणि रोज वीस-बावीस तास घालायचे आहेत, हे लक्षात आहे ना? चहासाठी काढून पर्समध्ये ठेवलेला अलायनर काही करत नाही. नंतर दात परत सरकू नयेत म्हणून रिटेनर आहेच, तोही वर्षानुवर्षं.

खरं तर मला तुझ्यापेक्षा चिऊची घाई वाटते. चावताना तिची हनुवटी एका बाजूला सरकते, असं तू शेवटी जाता जाता लिहिलंस! वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर सोयीने चावता यावं म्हणून मुलं जबडा बाजूला नेतात, आणि वाढत्या वयात तसंच चालू राहिलं तर चेहरा एकीकडे वाढू शकतो. तिचं वय एक्सपांडरसाठी अगदी योग्य आहे. तुझं वर्षभर लांबलं तरी बिघडत नाही, तिला मात्र याच महिन्यात ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात-जबडा जुळवणाऱ्या दंतवैद्याकडे, ने.

तिचे दात मिटलेले, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, असे फोटो पाठव. भाओजींना नमस्कार, चिऊला गोड पापा.

तुझी,
धाकटी