भोवळ येऊन पडलेल्याची नाडी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वैशाखात आमच्या थोरल्या काकू रावेर तालुक्यातील केळीच्या बागेत काम करता करता कोसळल्या. ऊन लागले, असे आम्ही सर्वांनीच ठरवले. कांदा हुंगवला, मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि थोड्याच वेळात त्या उठून बसल्या. पुढच्या पंधरवड्यात हेच आणखी दोनदा झाले. त्यांपैकी एकदा तर त्या भल्या पहाटे, घरातच पडल्या, तरीही दवाखान्यातून सलाइन लावून त्यांना परत पाठवण्यात आले. तिसऱ्या वेळी एका परिचारिकेने मनगट धरून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. ती ३४ भरली.

हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील (वरच्या कप्प्यातील) सायनस नोड हा पेशींचा लहानसा पुंजका विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० विद्युत-संदेश सोडतो. हा संदेश वरच्या व खालच्या कप्प्यांमधील एव्ही नोड या दुव्यापाशी क्षणभर थबकतो, तेवढ्यात वरचे कप्पे आपले रक्त खाली रिते करतात, आणि मग हिस जुडगा व पर्किन्जे तंतू या संदेश वाहणाऱ्या तंतूंमधून तो जवनिकांपर्यंत, म्हणजे खालच्या कप्प्यांपर्यंत, पोहोचतो. काकूंच्या हृदयात ही मधली वाटच बंद पडली होती. वरचे कप्पे आपल्या गतीने आणि खालचे आपल्या मंद गतीने, एकमेकांशी मेळ नसल्यासारखे चालत होते. डॉक्टरांनी ईसीजीच्या (हृदयाच्या विद्युत-आलेखाच्या) पट्टीवर ते आम्हाला दाखवलेही. अशा आजारात ठोका काही सेकंद खंडला की मेंदूला रक्त कमी पडून माणूस कोसळतो, आणि ठोका परत आला की लगेच सावरतो. हे लगेच सावरणेच घात करते, कारण त्यामुळे घरचे निर्धास्त होतात.

उन्हाने भोवळ येते, हे खानदेशात कोणाला सांगायला नको. परंतु शरीरातील पाणी कमी झाले असता नाडी सहसा जलद होते. पडून सावरल्यानंतरही ती चाळिशीच्या खाली राहत असेल, तर दोष केवळ उन्हाला देऊन चालणार नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही नाडी मंदावते, म्हणून डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी अवश्य दाखवावी, मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. एका ईसीजीत काही आढळले नाही आणि भोवळ येतच राहिली, तर चोवीस तास सलग ईसीजी नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीबद्दल विचारावे.

काकूंना पेसमेकर (ठोका मंदावला की हृदयाला विद्युत-संदेश देणारे छोटे यंत्र) बसवला असून त्या पुन्हा बागेत जाऊ लागल्या आहेत. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये ज्या रुग्णाच्या शरीरात जगातील पहिला पेसमेकर बसवला गेला, तो वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगला, हे अशा शस्त्रक्रियेला घाबरणाऱ्या कुटुंबांना आवर्जून सांगावेसे वाटते.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणेला माझी कळकळीची विनंती आहे की, उन्हाळ्यात भोवळ येऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाची नाडी सलाइन लावण्यापूर्वी मिनिटभर मोजून केसपेपरवर लिहावी, ती मंद वा अनियमित असल्यास त्याच भेटीत ईसीजी काढावा, आणि आशाताईंनाही नाडी मोजण्याचे प्रशिक्षण द्यावे.

आपला,
एक वाचक, रावेर (जि. जळगाव)